उच्छिष्टाची प्रतिष्ठा

टाकून दिलेल्या वस्तूंपासून घडवलेली आणि चौकात, उद्यानात किंवा समुद्रकिनारी सर्वांसाठी उभी केलेली शिल्पे गेल्या काही दशकांत जगभरातील शहरांच्या परिचयाची झाली असून, त्यांच्या समर्थनार्थ बहुधा एकच कारण पुढे केले जाते, ते म्हणजे पर्यावरणाविषयीची जागृती. रिकाम्या बाटल्यांचा मासा किंवा जुन्या टायरांचा हत्ती पाहिल्यावर माणूस पुढची वस्तू फेकण्याआधी क्षणभर थांबेल, अशी त्यामागची अपेक्षा असते. ही अपेक्षा कितपत फळाला येते हा समाजशास्त्राचा विषय आहे आणि तो महत्त्वाचाही आहे. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याहून जुना असून तो धर्मविचाराच्या आणि तत्त्वज्ञानाच्या कक्षेत येतो. ज्या वस्तूला समाजाने एकदा नको म्हटले तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळू शकते का, मिळत असेल तर ती आकार बदलल्यामुळे मिळते, पाहणाऱ्याची दृष्टी बदलल्यामुळे मिळते, की ती वस्तू टाकणाऱ्या आणि उचलणाऱ्या माणसांमधील संबंध बदलल्यामुळे मिळते, हा तो प्रश्न होय. यांपैकी तिसऱ्या शक्यतेकडे कलाचर्चेत फारच कमी लक्ष दिले गेले आहे, आणि याच शक्यतेचा येथे प्रामुख्याने विचार करावयाचा आहे.

भारतीय परंपरेत उरलेल्या वस्तूचा विचार परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन दिशांनी झालेला दिसतो. एकीकडे धर्मशास्त्राने उच्छिष्ट, म्हणजे खाऊन उरलेले किंवा तोंड लागलेले अन्न, अशुद्ध ठरवले आणि त्याच्या स्पर्शासाठी शुद्धीचे नियम सांगितले. तर दुसरीकडे अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील सातव्या सूक्तात त्याच उच्छिष्टाला विश्वाचा आधार मानून नाम आणि रूप, पृथ्वी आणि द्युलोक, यज्ञ आणि ऋतू हे सारे त्यातच सामावले असल्याचे म्हटले आहे. येथील उच्छिष्ट म्हणजे यज्ञात अर्पण करून उरलेला भाताचा अंश, असा एक अर्थ लावला जातो, तर सर्व उपाधींचा निषेध केल्यानंतर जे शिल्लक राहते ते ब्रह्म, असा दुसरा. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे, ती अशी की जे उरते ते निरुपयोगी नसून पुढच्या निर्मितीचे बीज त्यातच असते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञशेषाची कल्पनाही याच्याशी जुळणारी आहे: आधी इतरांना देऊन जे उरेल ते खाणारा पापमुक्त होतो आणि केवळ स्वतःसाठी शिजवणारा पाप खातो, असा तेथील विचार असल्याने उरलेल्या अन्नाची योग्यता त्याच्या द्रव्यावर अवलंबून राहत नाही, तर ते कोणत्या क्रमाने आणि कोणाला दिल्यानंतर उरले यावर ठरते. वाटणीचा न्याय आधी आणि पावित्र्य नंतर, असा हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

वस्तूच्या अखेरीविषयीही परंपरेने बारकाईने विचार केलेला आढळतो. देवाला वाहून उतरवलेली फुले, म्हणजे निर्माल्य, पायदळी जाऊ नयेत असा संकेत आहे. मूर्ती भंगली तर तिची पूजा थांबवून, तिच्यातील देवत्व विधिपूर्वक कलशात घेऊन, मूळ मूर्ती पाण्यात सोडण्याची पद्धत जीर्णोद्धाराच्या विधींत सांगितलेली आहे. आणि पार्थिव गणेशाच्या पूजेत तर मातीला प्राणप्रतिष्ठेने काही दिवसांपुरते देवपण देऊन, ते काढून घेऊन, ती माती पुन्हा पाण्याच्या स्वाधीन केली जाते. या सर्व आचारांमागे एक गृहीत आहे, जे कोणी शब्दांत मांडले नाही कारण ते मांडण्याची गरजच नव्हती: पाणी, माती आणि अग्नी यांच्या हवाली केलेली वस्तू काळाच्या ओघात त्यांच्यात मिसळून जाते. विसर्जन या कल्पनेचे सारे सौंदर्य या एका भौतिक सत्यावर उभे आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती विसर्जनानंतर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर परत येतात तेव्हा श्रद्धावान माणसाला जो क्लेश होतो त्याचे कारण एवढेच की विधी पूर्ण झाला असूनही विसर्जन झालेले नसते.

मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात मांडलेली उपपत्ती येथे उपयोगी पडते. घाण हा पदार्थाचा अंगभूत गुण नसून एखाद्या व्यवस्थेत जागा चुकलेल्या पदार्थाला आपण घाण म्हणतो, हा त्यांचा सिद्धांत बराच परिचित आहे. त्या ग्रंथाच्या शेवटाकडे येणारा त्यांचा दुसरा विचार मात्र कमी चर्चिला गेला असून या विषयासाठी तोच अधिक मोलाचा आहे. टाकलेल्या वस्तूची ओळख जोपर्यंत अर्धवट शिल्लक असते, म्हणजे हा केस, हे नख, हे उरलेले अन्न असे ओळखता येते, तोपर्यंत ती वस्तू अस्वस्थ करते; ती कुजून, झिजून, मातीत मिसळून ओळख हरवली की तिच्यातील धोका संपतो आणि ती पुन्हा निराकार, म्हणून सर्जनक्षम होते. 1907 मध्ये बेकेलाइटपासून सुरू झालेल्या कृत्रिम प्लास्टिकच्या युगाने नेमका हा शेवटचा टप्पा काढून घेतला. प्लास्टिकची पिशवी उन्हाने आणि लाटांनी तुटत तुटत डोळ्यांना दिसेनाशी होते, पण तिचे सूक्ष्म कण प्लास्टिकच राहतात आणि मासे, मीठ, पाणी यांमधून माणसाच्या शरीरापर्यंत पोहोचतात. दृश्य ओळख गेली तरी रासायनिक ओळख जात नाही, अशा पदार्थाला निराकारातून मिळणारी मुक्ती उपलब्धच नाही. आणि म्हणून टाकाऊ वस्तूंच्या शिल्पाकडे केवळ एक कल्पक छंद म्हणून न पाहता, ज्याचे विसर्जन होऊ शकत नाही त्याचे करायचे काय, या प्रश्नाला दिलेले एक उत्तर म्हणून पाहणे आवश्यक ठरते.

या उत्तराचे भारतातील सर्वांत समृद्ध उदाहरण म्हणजे चंडीगढचे रॉक गार्डन होय. ते घडवणारे नेकचंद सैनी यांचा जन्म 1924 मध्ये आज पाकिस्तानात असलेल्या शकरगढ भागातील एका गावात झाला आणि 1947 च्या फाळणीत ते गाव सोडून त्यांना भारतात यावे लागले. पुढे ते चंडीगढच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून नोकरीला लागले. ल कार्बुझिए यांच्या आराखड्यानुसार नवे शहर उभे करण्यासाठी त्या जागेवरची अनेक गावे उठवण्यात आली होती, आणि त्या घरांचे अवशेष तसेच नव्या बांधकामातून निघणारा राडारोडा जागोजागी पडलेला होता. नेकचंद यांनी 1957 च्या सुमारास तो गोळा करण्यास प्रारंभ केला: फुटलेल्या कपबशा, तुटक्या बांगड्या, फरशांचे तुकडे, मोडकी शौचकूपे आणि वॉशबेसिने, सायकलींचे सांगाडे, डांबराची पिंपे, विजेच्या जोडणीचे चिनीमातीचे भाग, भट्टीत जास्त भाजून वेड्यावाकड्या झालेल्या विटा. नदीपात्रांतून निवडून आणलेले दगडही त्यांत होते. हे सारे सायकलवरून वाहून नेऊन, सुखना तलावाजवळच्या राखीव जंगलातील एका घळीत, नोकरीची वेळ संपल्यावर आणि पुष्कळदा रात्री, ते काम करीत राहिले. ती जमीन सरकारी होती आणि तेथे कोणतेही बांधकाम करण्यास मनाई होती, त्यामुळे सुमारे 18 वर्षे हे काम गुप्त राहिले.

1975 मध्ये अधिकाऱ्यांना त्याचा पत्ता लागला तेव्हा सुमारे 12 एकरांवर अंगणे, वाटा आणि शेकडो आकृत्या उभ्या होत्या. कायद्याप्रमाणे ते सर्व पाडावयास हवे होते. पण लोकांनी आणि काही जाणत्या अधिकाऱ्यांनी त्याची बाजू घेतली, 1976 मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, नेकचंद यांना त्याच कामासाठी पगार आणि 50 मजूर देण्यात आले आणि 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज हे उद्यान सुमारे 40 एकरांवर पसरलेले आहे. या हकिकतीत एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. चंडीगढसाठी ल कार्बुझिए यांनी जी आज्ञापत्रिका तयार केली तिच्यात शहरात व्यक्तींचे पुतळे उभारू नयेत असे बजावलेले आहे, आणि त्याच शहराच्या कॅपिटॉल संकुलाच्या शेजारी, त्याच शहराच्या राड्यारोड्यातून, नाव नसलेल्या माणसांचे आणि प्राण्यांचे थवेच्या थवे उभे राहिले. आराखड्याने ज्यांना जागा ठेवली नव्हती ते सारे, म्हणजे उठलेल्या गावांतील चुली, भिंती आणि बांगड्या, आराखड्याच्या कडेला येऊन थांबले.

नेकचंद यांचा हेतू आजच्या अर्थाने पर्यावरणविषयक नव्हता, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. देवादिकांचे एक राज्य घडवावे, अशी त्यांची कल्पना होती आणि दगडांत त्यांना माणसे, पक्षी, देवता दिसत होत्या. जागृतीचा हेतू या उद्यानाला नंतर, इतरांकडून चिकटवला गेला. असे असूनही, किंबहुना त्यामुळेच, जागृतीसाठी म्हणून मुद्दाम उभारलेल्या बहुतेक शिल्पांपेक्षा हे उद्यान अधिक खोलवर पोहोचते. तेथील स्त्रियांच्या आकृतींची वस्त्रे तुटक्या बांगड्यांची आहेत आणि त्या बांगड्याच आहेत हे पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळते. काच वितळवून किंवा रंगवून तिची ओळख पुसलेली नाही. डग्लस ज्या अर्धवट ओळखीला धोक्याचा टप्पा म्हणतात तीच ओळख येथे जपली गेली आहे, आणि वस्तू पूर्वी काय होती व आता काय आहे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसत राहिल्याने पाहणाऱ्याच्या मनात तिच्या पूर्वायुष्याविषयी प्रश्न उभा राहतो. फुटलेली बांगडी हे मराठी माणसाप्रमाणेच पंजाबी माणसालाही अशुभाचे चिन्ह वाटते. तिलाच अलंकार म्हणून धारण करणाऱ्या स्त्री-आकृतींची ती रांग फाळणीनंतरच्या एका विस्थापिताने उभी केली, हे आठवले म्हणजे त्या कामातील करुणा पुरती उमगते.

घाना या देशातील शिल्पकार एल अनात्सुई यांच्या कामातही हेच सामर्थ्य आढळते. नायजेरियातील एन्सुका येथे राहून त्यांनी मद्याच्या बाटल्यांची हजारो ॲल्युमिनियमची झाकणे तांब्याच्या तारेने जोडून भिंतभर पसरणारी वस्त्रे घडवली. युरोपीय व्यापाऱ्यांनी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आणलेली दारू आणि तिच्याशी गुंतलेला गुलामांचा व्यापार यांचा इतिहास त्या झाकणांत असल्याने वस्त्राची झळाळी आणि त्यामागची वेदना एकमेकींपासून वेगळ्या करता येत नाहीत.

याच्या उलट टोकाला दिल्लीतील ‘वेस्ट टू वंडर’ हे उद्यान ठेवता येईल. 2019 मध्ये दक्षिण दिल्ली महानगरपालिकेने खुल्या केलेल्या या उद्यानात ताजमहाल, आयफेल मनोरा, गिझाचा पिरॅमिड अशा सात आश्चर्यांच्या प्रतिकृती सुमारे 150 टन भंगारातून उभ्या केल्या आहेत. त्यांत कारागिरांचे कौशल्य वादातीत आहे आणि तेथे जाणाऱ्या कुटुंबांचा आनंदही खरा आहे. परंतु तेथे वस्तूची पूर्वओळख एका सुप्रसिद्ध इमारतीच्या आकाराखाली झाकली जाते आणि प्रेक्षक लोखंडाकडे न पाहता त्यातून साधलेल्या सारखेपणाकडे पाहतो. दुसरी अडचण भंगाराच्या अर्थव्यवहाराची आहे. लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम यांना भंगारवाल्याकडे नेहमीच भाव असतो आणि ते वितळून पुन्हा वापरात येतातच, त्यामुळे त्यांचे शिल्प झाले नसते तर ते कचऱ्यात राहिले असते असे म्हणता येत नाही. खरा अडलेला कचरा वेगळाच आहे: वेफर, गुटखा, शांपू यांची अनेक थरांची पाकिटे, ज्यांत प्लास्टिक आणि धातूचा पातळ मुलामा असे चिकटलेले असतात की ते सहज सुटे करता येत नाहीत, आणि म्हणून जी कोणी विकत घेत नाही. टाकाऊ वस्तूंच्या सार्वजनिक कलेत या पाकिटांची संख्या नगण्य असते, कारण ती देखणी नसतात, टिकाऊ नसतात आणि त्यांना वेल्डिंग करता येत नाही. जी वस्तू सर्वांत अधिक निराधार आहे तिलाच कलेने जवळ केलेले नाही, ही या कलेतील सर्वांत गंभीर उणीव म्हटली पाहिजे.

येथे जागृती या कल्पनेचीच तपासणी करणे भाग आहे. धर्म ठाऊक असूनही तो आचरणात येत नाही आणि अधर्म ठाऊक असूनही त्यापासून मागे फिरता येत नाही, ही अडचण लोकपरंपरेने दुर्योधनाच्या तोंडी घातलेली असून नीतिशास्त्रातील सर्वांत जुन्या अडचणींपैकी ती एक आहे. प्लास्टिक घातक आहे हे आज शाळकरी मुलासही माहीत असते. अज्ञान हे कचऱ्याचे मुख्य कारण उरलेले नाही. मग शिल्प पाहून नेमके काय घडते? एक शक्यता अशी की प्रेक्षकाला आपण टाकलेल्या वस्तूचे पुढे काहीतरी चांगले झाले असे पाहायला मिळते आणि त्यामुळे टाकण्याची क्रिया त्याला पूर्वीपेक्षा हलकी वाटू लागते. तीर्थात बुडी मारून पाप धुतले गेले अशी समजूत करून घेणाऱ्याला संतांनी ज्या कारणासाठी फटकारले तेच कारण येथेही लागू पडते, कारण शुद्धीचे चिन्ह हाती आले की शुद्धीची तळमळ मावळते. सुंदर शिल्पातून असे परस्पर प्रायश्चित्त मिळू लागले तर ती कला कचऱ्याची सहकारी बनते. कलावंताचा हेतू शुद्ध असला तरी हा धोका टळत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याची एक वाट बौद्ध परंपरेतील पांसुकूलाच्या व्रतात दिसते. पांसुकूल म्हणजे उकिरड्यावर, रस्त्यावर किंवा स्मशानात धुळीत पडलेली चिंधी. असे तुकडे वेचून, धुऊन, रंगवून, शिवून त्यांचेच चीवर भिक्षूने वापरावे, हे धुतांगांपैकी, म्हणजे स्वेच्छेने पत्करावयाच्या कठोर व्रतांपैकी, एक होते आणि महाकाश्यप त्यासाठी विशेष प्रसिद्ध होते. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र स्वीकारण्याची मुभा मिळाली, तरीही चीवर तुकडे जोडूनच शिवले जाई, आणि मगध देशातील बांध घातलेल्या शेतांची आखणी दाखवून बुद्धांनी सुचवल्यावरून त्यांचा शिष्य आनंद याने त्याची रचना ठरवल्याचे विनयपिटकात नमूद आहे. त्याच पिटकात कौशांबीच्या उदयन राजाचा प्रसंग येतो. राजाच्या राण्यांनी आनंदाला 500 वस्त्रे दिली तेव्हा एवढ्या वस्त्रांचे करणार काय, असे राजाने विचारले, आणि आनंदाने एकामागून एक उत्तरे दिली: ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटली जातील, जुन्या चीवरांची अंथरुणावर घालायची वस्त्रे होतील, ती जुनी झाली की गादीची आवरणे, मग जमिनीवर पसरायची बैठक, मग पायपुसणी, मग धूळ झटकण्याची फडकी, आणि ती फडकीही झिजली की त्यांचे तुकडे चिखलात मळून त्याने जमीन सारवली जाईल. वस्तूच्या उतरत्या आयुष्याचा इतका शांत आणि संपूर्ण हिशेब जगाच्या धार्मिक वाङ्मयात क्वचितच सापडेल, आणि घरोघरच्या गोधडीत तोच हिशेब सामान्य माणसाने वर्षानुवर्षे सांभाळला. येथे चिंधीला प्रतिष्ठा मिळते ती तिला प्रदर्शनात मांडल्याने नव्हे. ती कोणीतरी आपल्या अंगावर घेतल्याने. ज्याने टाकलेले वस्त्र पांघरले त्याचे टाकण्याविषयीचे नाते बदलून जाते, आणि तो दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी स्वतः त्या वस्तूचा वारस झालेला असतो.

परंतु पांसुकूलाचे मोल स्वेच्छेत आहे, हे विसरले तर हाच विचार क्रूर होऊ शकतो. या देशात शतकानुशतके काही जातींवर उष्टे खाण्याची, मेलेली जनावरे ओढण्याची, इतरांची घाण वाहण्याची सक्ती केली गेली आणि त्या सक्तीलाच त्यांचा धर्म म्हटले गेले. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि उष्टे अन्न सोडून देण्याचे आवाहन केले तेव्हा उच्छिष्ट नाकारणे हीच मनुष्यत्वाची खूण ठरली. म्हणून उरलेल्या वस्तूतील दिव्यत्वाची भाषा कोण करतो, याला नैतिक वजन आहे. ज्याला टाकण्याचा हक्क होता त्याने टाकलेले उचलले तर ते व्रत होते. ज्याला उचलण्यावाचून गत्यंतर ठेवले नाही त्याच्या श्रमाला पवित्र म्हणणे म्हणजे त्याच्या बेड्यांवर फुले वाहणे होय. टाकाऊ वस्तूंच्या शिल्पाखाली कलावंताचे, प्रायोजकाचे आणि उद्घाटकाचे नाव कोरलेले असते, पण त्या बाटल्या आणि ते डबे ज्यांनी उकिरड्यातून निवडून, प्रकार लावून, धुऊन दिले त्यांचा उल्लेख अपवादानेच असतो, आणि हे वगळणे निरागस नाही. 1993 मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने कचरा वेचणाऱ्यांना, ज्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत, संघटित केले, त्यांना महानगरपालिकेकडून ओळखपत्रे मिळवून दिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही त्यांच्याच मालकीची सहकारी संस्था उभी राहिली, तेव्हा कचऱ्याला नवा आकार मिळाला नव्हता. त्याला हात लावणाऱ्या माणसाला नागरिक म्हणून ओळख मिळाली होती. कलेच्या क्षेत्रात ज्याचा शोध चालला आहे ते प्रतिष्ठांतर, म्हणजे वस्तूच्या आणि माणसाच्या दर्जातील पालट, येथे अधिक खऱ्या अर्थाने घडले, असे निःसंकोचपणे म्हणता येईल.

न्यूयॉर्कच्या मिअर्ल लॅडरमन युकेलीस यांनी हा मुद्दा कलेच्या आतूनच ओळखला, आणि त्यासाठी त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. आई झाल्यावर घरकामात गुरफटलेल्या या कलावतीने 1969 मध्ये देखभाल हीच कला आहे असे प्रतिपादणारा जाहीरनामा लिहिला आणि क्रांती झाल्यानंतरच्या सोमवारी सकाळी कचरा कोण उचलणार, असा प्रश्न विचारला. 1977 पासून त्या शहराच्या स्वच्छता खात्यात विनावेतन निवासी कलावंत म्हणून राहिल्या. 1979 आणि 1980 या काळात त्यांनी त्या खात्यातील सुमारे 8,500 कामगारांपैकी प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटून त्याचा हात हातात घेतला आणि शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्याचे आभार मानले. 1983 मध्ये त्यांनी कचऱ्याच्या एका ट्रकला आरसे बसवले, जेणेकरून तो रस्त्याने जाताना कचरा निर्माण करणाऱ्यांची प्रतिबिंबे त्यावर पडावीत. या कामात टाकाऊ वस्तूचा पुतळा कोठेच नाही, तरीही टाकणे आणि उचलणे यांच्यातील तुटलेला दुवा त्यात सांधला जातो. ज्या हाताला स्पर्श करणे समाजाला नको वाटते तो हात 8,500 वेळा हाती घेणे हे भारतीय वाचकाला केवळ कलाप्रयोग वाटणार नाही. अस्पृश्यतेच्या इतिहासाची जाणीव असलेल्याला त्यातील धार्मिक आशय सांगावा लागत नाही.

महाराष्ट्राला तर हे अधिकच ओळखीचे वाटावे. गाडगेबाबा (1876–1956) अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती झाडू आणि मातीचे गाडगे घेऊन गावात शिरत, दिवसभर गावाच्या वाटा झाडत आणि रात्री कीर्तनात त्याच गावकऱ्यांना प्रश्न विचारून बोलते करीत. त्यांच्या कार्यात क्रमाला महत्त्व होते: आधी झाडणे, मग बोलणे. ज्याने आपल्या दारातील घाण सकाळी काढली त्याचे रात्रीचे शब्द ऐकणाऱ्याला टाळता येत नसत, कारण तोपर्यंत ऐकणारा त्याचा ऋणी झालेला असे. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहणाऱ्या समाजाने केरसुणी हाती धरणाऱ्याला मात्र वेशीबाहेर ठेवले होते, ही विसंगती त्यांनी ग्रंथ न लिहिता उघड केली. जागृती हा शब्द जर वापरायचाच असेल तर तो या अर्थाने वापरावा: माहिती मिळणे नव्हे, तर आपण कोणाचे तरी देणे लागतो याचे भान येणे. भारतीय विचारात देव, ऋषी आणि पितर यांची ऋणे सांगितलेली आहेत आणि मनुष्यऋणाचाही उल्लेख येतो. टाकणाऱ्यावर उचलणाऱ्याचे जे ऋण साचते त्याला अजून कोणत्याही यादीत स्थान मिळालेले नाही.

पवित्र आणि टाकाऊ यांच्यातील सीमा किती वेदनादायक असू शकते, हे न्यूयॉर्कच्याच फ्रेश किल्स या कचराभूमीच्या इतिहासातून कळते. 1948 मध्ये सुरू झालेली सुमारे 890 हेक्टरांची ही जागा मार्च 2001 मध्ये बंद झाली होती. पण त्याच वर्षी 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर कोसळलेल्या मनोऱ्यांचे अवशेष चाळून मृतांच्या अस्थी शोधण्यासाठी ती पुन्हा उघडावी लागली. शोध संपल्यावर उरलेला बारीक चुरा तेथेच ठेवण्यात आला, आणि त्यात आपल्या माणसांची राख मिसळलेली आहे, ती कचऱ्याच्या शेजारी राहू नये, असे म्हणत काही कुटुंबे न्यायालयात गेली. न्यायालयांनी त्यांची मागणी मान्य केली नाही. एकाच धुळीला एक जण राडारोडा म्हणतो आणि दुसरा अस्थी म्हणतो, आणि दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. या जागेशी युकेलीस कलावंत म्हणून आधीपासूनच जोडलेल्या होत्या, आणि आता तिचे टप्प्याटप्प्याने विस्तीर्ण उद्यान होत आहे. खाली कचऱ्याचे थर आहेत, वर गवत आहे, आणि कुजण्यातून निघणारा वायू नळांनी काढून घ्यावा लागतो. जागा चुकलेल्या पदार्थाला जागा मिळाली की त्याचे घाणपण संपते, हा डग्लस यांचा सिद्धांत येथे पुरा पडत नाही, कारण स्मृती असलेल्या पदार्थाला कोणती जागा योग्य, हे व्यवस्था एकटी ठरवू शकत नाही.

टाकाऊ वस्तूंच्या कलेलाही अखेर असते, याचा विचार फार थोडे आयोजक करतात. उघड्यावर उभे केलेले प्लास्टिकचे शिल्प उन्हाने ठिसूळ होते, त्याचे कण वाऱ्यापावसाबरोबर मातीत जातात, आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर ते शिल्प पुन्हा कचरा होते, मात्र या वेळी त्यात लोखंडी सांगाडा, राळ आणि रंग मिसळलेले असल्याने ते पूर्वीपेक्षा अधिक अडचणीचे ठरते. रॉक गार्डनमधील काच आणि चिनीमाती सिमेंटमध्ये बसवलेली असल्याने ती अधिक टिकली, तरी तिलाही संरक्षण लागले: रस्त्यासाठी ते उद्यान तोडण्याचा घाट घालण्यात आला तेव्हा नागरिकांनी माणसांची साखळी करून बुलडोझर अडवले, 1996 मध्ये नेकचंद परदेशी असताना तेथे मोडतोड झाली, 2015 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या परिसरातील वाहतुकीच्या सोयीसाठी त्याच्या भिंतीचा काही भाग पाडण्यात आला. राड्यारोड्यातून उभे राहिलेले पुन्हा राडारोडा होणे हे अटळ असेलही. पण ते कोणाच्या निर्णयाने, कोणाला विचारून आणि कोणत्या विधीने व्हावे, याची व्यवस्था असली पाहिजे. पार्थिव मूर्ती घडवणाऱ्याला विसर्जनाचा दिवस आधीपासून ठाऊक असतो आणि माती निवडताना तो त्याचा विचार करतो. शहराच्या पैशाने असे शिल्प उभारणाऱ्या महापालिकेने करारातच ते किती वर्षांनी, कोणाकडून आणि कोणत्या कारखान्यात उतरवले जाईल हे लिहून घ्यावे, त्यासाठीची रक्कम आधीच बाजूला ठेवावी, आणि ज्या कचरावेचकांनी ते द्रव्य गोळा केले त्यांना त्याची मजुरी देऊन, त्यांची संमती असल्यास त्यांची नावे कलावंताच्या नावाशेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत कोरावीत.